माडीची जमीन

यंदा दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळाच्या माडीवर आरतीला उभे राहाल, तेव्हा पायाखालून आवाज येणार नाही. ज्यांनी दोन वर्षांपूर्वीची आरती अनुभवली आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्या वर्षी टाळ्यांबरोबर जमीनही ठेका धरत होती. मंगळागौरीच्या खेळांत फुगडीला सुरुवात झाली आणि दोन फळ्यांमधली फट करंगळी जाईल इतकी उघडली, तेव्हा खेळ थांबवून सगळ्यांना खाली अंगणात आणावे लागले होते.

त्यानंतर सर्वसाधारण सभेने जागा समितीकडे हे काम सोपवले. दिवाळीपासून होळीपर्यंत ते चालले. खर्चाचा हिशेब वार्षिक अहवालात आहेच. तो इथे पुन्हा देत नाही. पण जमीन उकलत गेलो तसतसा आम्हाला तिच्या थरांमधून एक वेगळाच हिशेब सापडला. तो आपल्या सगळ्यांच्या घरांचा आहे, म्हणून स्मरणिकेत मांडत आहोत.

जमीन वर कशी गेली

आपण मराठी माणसे पहिल्या मजल्यावर उभे राहूनही 'जमीन पुसून घे' असेच म्हणतो. भुईपासून पंधरा फूट वर जमीन कुठून आली, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. त्याचे उत्तर जुन्या वाड्यांच्या बांधणीत आहे: जमीन खरोखरच वर नेलेली होती.

वाड्याची माडी कडीपाटाची असे. दगडी तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर हाताहाताच्या अंतराने आडव्या कड्या आणि कड्यांवर पाट, म्हणजे सागाच्या फळ्या. खालच्या खोलीतून वर पाहिले की दिसते ते छत म्हणजेच वरच्या खोलीचा तळ. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणत आणि घराचे मोठेपण खणांत मोजत. लाकूड जितके लांब मिळे तितकीच खोली रुंद होई. म्हणून जुने दिवाणखाने लांबच लांब, पण अरुंद असतात.

मात्र नुसत्या पाटावर कोणी राहत नसे. फळ्यांच्या फटींतून धूळ खाली पडते, पाणी झिरपते, पावले वाजतात. म्हणून पाटावर विटांचे तुकडे, त्यावर माती, ती पाणी मारून धुम्मस आणि चोपण्याने ठोकून घट्ट केलेली आणि शेवटी शेणाचे सारवण. खालच्या जमिनीचाच एक तुकडा उचलून लाकडी सांगाड्यावर ठेवावा, तशी ती माडी. थोरामोठ्यांच्या वाड्यांत मातीऐवजी चुन्याचा कोबा असे, एवढाच फरक.

पेशवाईत ही पद्धत पुण्यात भरास आली. 1732 मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याचा पाया आणि जोते दगडाचे, पण वरचा बराचसा पसारा विटा-लाकडाचा होता. 1828 च्या आगीत तो पसारा गेला आणि आज आपण तटबंदी व जोतीच पाहतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा त्या मानाने सुदैवी. मराठे सरदार जिथे जिथे स्थिरावले तिथे ही बांधणी त्यांच्याबरोबर गेली आणि स्थानिक कारागिरांच्या हाताने बदलली. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. 1984 च्या आगीत त्यांचे फार मोठे नुकसान झाले. आपल्या वडोदऱ्यात रावपुऱ्यातला ताम्बेकर वाडा अजून उभा आहे. त्याची भित्तिचित्रे पाहायला लोक जातात, पण चित्रांवरून नजर काढून एकदा लाकडाकडेही पाहावे. गुजरातचे सुतारकाम आणि दख्खनी वाड्याची मांडणी तिथे एकाच छपराखाली नांदतात. आपल्याकडच्या 'माडी'ला शेजारी 'मेडी' म्हणतात. शब्द आणि सुतार दोन्ही इकडून तिकडे सहज जात होते.

लाकडी मजला आगीत पहिला जातो आणि ओलीत हळूहळू जातो. म्हणूनच जे कडीपाट शिल्लक आहेत त्यांची किंमत आहे.

वरून भरलेले खड्डे

आपली माडी सयाजीराव महाराजांच्या काळातली. लांबी साधारण चाळीस फूट, रुंदी अठरा. आम्ही ती उकलायला घेतली तेव्हा वरून खाली असे थर निघाले: दोन वर्षांपूर्वीचे लॅमिनेट, त्याखाली फोमचे दोन पदर, त्याखाली तपकिरी लिनोलियम, सिमेंटचा कोबा, चुन्याचा पातळ थर, माती, विटांचे तुकडे आणि मग पाट. भिंतीजवळ हा सगळा भराव तीन इंच होता. खोलीच्या मध्यावर सहा इंच.

हा तीन इंचांचा फरक म्हणजेच या माडीचा इतिहास.

लाकडावर वर्षानुवर्षे वजन राहिले की ते हळूहळू वाकते आणि वजन काढले तरी पूर्ण सरळ होत नाही. तुळई मध्यावर खचली की वरची जमीन बशीसारखी होते. सारवणाच्या काळात याचे कोणाला फारसे काही वाटत नसे. सणावाराला घरातल्या बायका जमीन सारवत, तेव्हा खळगा दिसला की चार मुठी माती जास्त पडे, हात फिरे आणि जमीन पुन्हा एकसारखी दिसे. सारवण ही स्वच्छता होती तशीच ती दरवर्षीची डागडुजीही होती. तिचा मोबदला किंवा नोंद कुठल्याच वहीत नाही. शिवाय माणसे जमिनीवरच बसत. सतरंजी आणि पाट थोडा उंचसखलपणा सहज पोटात घेतात. फार तर पंगतीत मधल्या पानावरचे वरण एका बाजूला वाहू लागे आणि वाढप्याला बोलणी बसत.

उंचसखलपणा उघडा पाडला तो खुर्ची-टेबलाने आणि लोखंडी कपाटाने. चार बारीक पायांवर उभी राहणारी वस्तू खोटे बोलत नाही. कपाटाच्या पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा ज्या घरात नव्हता असे घर आमच्या पिढीने पाहिलेले नाही.

मग पक्क्या जमिनीचे युग आले. रेल्वेमुळे शहाबादी फरशी दूरदूर पोचली. विलायती मिंटन टाइल्स श्रीमंतांच्या घरांत आल्या. त्यांना स्वदेशी उत्तर म्हणून 1922 मध्ये भारत टाइल्सचा कारखाना निघाला आणि सिमेंटच्या नक्षीदार लाद्या मध्यमवर्गाच्या ओसरीवर आल्या. आपल्या शहराने तर जमिनीचे नाना प्रकार पाहिले. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये व्हेनिसच्या पद्धतीची मोझाइक, तर मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांमधून चालायला चक्क काचेची जमीन, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचावा. पुढे कोटा दगड घरोघरी आला.

पण हे सारे तळमजल्याला सोपे. लाकडी माडीवर दगड नेणे धोक्याचे. म्हणून तिथे मातीवर चुना, चुन्यावर सिमेंट आणि त्यावर लिनोलियम असे थर चढत गेले. प्रत्येक वेळी आधी मधला खळगा भरून घेतला गेला. भरावाने वजन वाढले, वजनाने तुळई आणखी वाकली, पुढच्या पिढीला पुन्हा खळगा दिसला आणि तिने पुन्हा भर घातली. ठोकलेली माती घनमीटरला सतराशे किलोच्या आसपास भरते. त्या हिशेबाने आपल्या माडीवर दहा-बारा टनांचा बोजा होता आणि तो सर्वांत जास्त तिथेच होता, जिथे तुळई सर्वांत दुबळी असते.

कोणी चूक केली असे म्हणवत नाही. प्रत्येकाने पायाला जाणवले तेवढे सरळ केले. पण तीन पिढ्यांत खालून कोणी पाहिले नाही.

स्वीडनची फळी

आता लॅमिनेटविषयी. लॅमिनेट ही कल्पना जुनी आहे. कागदाचे थर राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन कडक पत्रा करायचा हे तंत्र 1912-13 च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या कामासाठी निघाले. तेव्हा त्या कामाला अभ्रक, म्हणजे मायका, वापरत. त्याच्या ऐवजी म्हणून या मालाचे नाव फॉर्मायका पडले. आपण टेबलावरच्या पत्र्याला सरसकट 'सनमायका' म्हणतो, त्यातही तो अभ्रक अजून बसलेला आहे.

तोच पत्रा जमिनीवर अंथरण्याजोगा केला स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीने, 1977 मध्ये. 1984 पासून तो पेर्गो या नावाने विकला जाऊ लागला. आत दाबून केलेल्या लाकडी भुश्याची घट्ट फळी, वर लाकडाचे छापील चित्र असलेला कागद आणि त्यावर झीज सोसणारा पारदर्शक थर. सुरुवातीला फळ्या डिंकाने जोडत. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात एकमेकींत 'टक्'कन अडकणाऱ्या फळ्या आल्या, तेव्हापासून हे काम झटपट झाले.

या जमिनीची गंमत अशी की ती कशालाच चिकटवलेली नसते. खिळा नाही, डिंक नाही. सबंध खोलीची एकच मोठी चटई तळावर नुसती टेकलेली असते. त्यामुळे खालचा तळ सपाट असलाच पाहिजे. फळीची जाडी आठ ते बारा मिलिमीटर. तिची अडकण्याची जीभ त्याहूनही नाजूक. खाली पोकळी असेल तर पाऊल पडताच फळी वाकते, जीभ घासते, आधी आवाज येतो, मग फट पडते आणि शेवटी जीभ तुटते. म्हणूनच या धंद्यात नियम असा आहे, की दोन मीटर लांबीची सरळ पट्टी तळावर कुठेही ठेवली तरी तिच्याखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी असू नये.

आमच्या माडीत ती पोकळी काही ठिकाणी वीस मिलिमीटर होती. ज्या कंत्राटदाराने पहिल्यांदा काम केले त्याने पट्टी लावलीच नाही. खळग्यावर फोमचा दुसरा पदर टाकला. फोम दाबला जातो, आधार देत नाही. पण दोष एकट्या त्याचा नाही. श्रावणाआधी काम उरका, अशी घाई आम्हीच केली होती. झाकून मोकळे होण्याची घाई या माडीला नवी नव्हती.

'नीचे चालो'

दुसऱ्या वेळी आम्ही जुन्या वाड्यांची कामे केलेल्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. समितीची मंडळी वर जमिनीकडे बोट दाखवून सांगू लागली, तसे ते म्हणाले, "काका, उपर शुं जुओ छो? नीचे चालो." आणि आम्हाला खालच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानाचे खोटे छत काढून बॅटरी मारली, तेव्हा गेल्या साठ वर्षांत कोणी न पाहिलेला कडीपाट दिसला. त्यांनी प्रत्येक तुळईला पटाशीच्या मुठीने ठोकले. सागाचा खणखणीत आवाज येत होता. पश्चिमेकडच्या तिसऱ्या तुळईशी तो भिंतीजवळ एकदम बद्द झाला. पटाशीचे टोक तिथे दोन इंच आत गेले. बाहेरच्या बाजूला पावसाच्या पाण्याचा पाइप गळत होता; भिंत वर्षानुवर्षे ओली राहून भिंतीतले तुळईचे टोक कुजले होते. तुळई टेकली होती ती जेमतेम चार बोटे. वर त्याच जागी, गेली कित्येक वर्षे, आपले मखर असते आणि आरतीला दीडशे माणसे उभी राहतात.

तो दिवस समितीतला कोणी विसरणार नाही. दोन वर्षांपूर्वी फोमचा तिसरा पदर टाकला असता आणि आवाज बंद झाला असता, तर आम्ही समाधानाने घरी गेलो असतो.

सभेत त्यानंतर दोन तट पडले. एक म्हणाला, लाकूड काढून सिमेंटचा स्लॅब टाका. यात तथ्य नव्हते असे नाही. पण पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातो आणि तो पेलायला जुन्या विटांच्या भिंतींना नवे खांब द्यावे लागले असते. म्हणजे माडी नव्हे, वाडाच नवा. दुसऱ्या तटाने सांगितले, की ज्या लाकडाने एवढा बोजा शंभर वर्षे पेलला त्याच्या अंगावरचे ओझे उतरवून तर पाहू. मतदान झाले. फरक फार नव्हता.

सपाट आणि पाणसळीत

काम कसे झाले ते थोडक्यात सांगतो, कारण अशा माड्या आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आहेत.

आधी तुळयांना खालून लोखंडी टेकू देऊन सगळा भराव गोण्या भरभरून उतरवला. मग पाइप बदलला आणि भिंत वाळू दिली. कुजलेले टोक कापून तिथे नवा साग लोखंडी पट्ट्या व बोल्टांनी जोडला, दगडावर टेकवला आणि टोकाभोवती हवा खेळायला जागा ठेवली. दोन अशक्त कड्यांना शेजारी नवी कडी जोडली. वाकलेल्या तुळया जॅकने रोज एखाद-दुसरा मिलिमीटर उचलल्या. घाई केली तर भिंतीला तडे जातात, म्हणून साधारण बारा मिलिमीटरवर थांबलो. उरलेला बाक हा त्या लाकडाचा स्वभाव झाला आहे. तो तसाच ठेवला.

इथे मिस्त्रींनी एक भेद शिकवला. जमीन पाणसळीत असणे वेगळे आणि सपाट असणे वेगळे. पाणसळीत म्हणजे गोटी ठेवली तर कुठेच घरंगळू नये. सपाट म्हणजे खळगे आणि उंचवटे नकोत, मग एका बाजूला थोडा उतार का असेना. लॅमिनेटला सपाटपणा पुरतो. शंभर वर्षांच्या माडीला पाणसळीत आणण्याचा हट्ट धरला की पुन्हा मध्यावर भर घालावी लागते आणि जुनेच चक्र सुरू होते.

पाट उचलून कड्यांवर दोऱ्या ताणल्या आणि जिथे जितका खळगा तितक्या जाडीच्या, पाचरीसारख्या निमुळत्या लाकडी पट्ट्या कड्यांवर बसवल्या. जुने पाट कडेने वर उचलले गेले होते. त्यांना रंधा मारून, काही उलटे करून, खिळ्यांऐवजी स्क्रूने घट्ट केले. वाळवीने खाल्लेले सात पाट बदलले. फळी कड्यावर हलत असेल तर वर काहीही अंथरले तरी ती वाजणारच.

त्यावर नऊ मिलिमीटरचे प्लायवूड, सांधे एका रेषेत येणार नाहीत असे, वीत-वीत अंतरावर स्क्रू मारून. स्क्रूची लांबी मोजून घेतली, नाहीतर दुकानदाराच्या डोक्यावर टोके निघाली असती. मग पुन्हा पट्टी फिरवली. चार-पाच जागी दोन-तीन मिलिमीटरचे खळगे उरले. ते लाकडासाठी मिळणाऱ्या, तंतू मिसळलेल्या लवचीक मिश्रणाने भरले. साधे सिमेंट लाकडाच्या हालचालीने तडकते. जिथे उंचवटा होता तिथे घासून काढले. लॅमिनेटचे गठ्ठे दोन दिवस त्याच खोलीत ठेवून मगच उघडले. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून भिंतीकडेने दहा मिलिमीटर मोकळी जागा सोडून ती वरून पट्टीने झाकली आणि खोली लांब असल्याने मध्यावरही सांधा ठेवला. फोमचा पदर एकच. दारे खालून थोडी तासावी लागली. उंबरा तसाच आहे.

प्लायवूड, फोम आणि लॅमिनेट मिळून नवा भार चौरस मीटरला पंधरा किलोंच्या आत आहे.

झाकण्याआधी

काम चालू असताना पाट उघडे होते तेव्हा अनेक जण पाहायला आले. "इतका सुंदर साग पुन्हा का झाकता?" हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त विचारला गेला. पाटांच्या फटी रुंद आहेत, खाली दुकान आहे, नाचणारी मुले आहेत आणि जुने लाकूड पुन:पुन्हा घासावे इतके जाड उरलेले नाही, हे त्याचे व्यवहारी उत्तर. दुसरेही एक उत्तर आहे. ही चटई कशालाच चिकटवलेली नसल्यामुळे उद्या कोणाला पाट उघडे करावेसे वाटले, तर एका दिवसात ती गुंडाळता येईल. मातीचा भराव आणि सिमेंटचा कोबा यांनी ती वाट बंद केली होती. आम्ही केले तेच शेवटचे, असा आमचा दावा नाही.

लॅमिनेटला साचलेले पाणी सोसत नाही. त्यामुळे यंदा मखराखाली रबरी मॅट असेल, तीर्थाची व्यवस्था दाराशी असेल आणि बादलीने जमीन धुण्याचा उत्साह कार्यकर्त्यांनी आवरावा. ओले पायही दाराशीच पुसावेत, ही विनंती.

आणखी एक. पश्चिमेच्या त्या तुळईखाली, दुकानाच्या छतात, एक झडप ठेवली आहे. यंदा श्रावणात आम्ही दोघांनी शिडीवर चढून ती उघडली, बॅटरी मारली, पटाशीच्या मुठीने ठोकून पाहिले. लाकूड कोरडे आहे आणि आवाज खणखणीत आहे. तारीख आणि सह्या नव्या वहीत केल्या. आमच्या आज्या दरवर्षी जमिनीवरून हात फिरवत, तेव्हा त्यांना जे कळत असे ते कळण्याची आता हीच एक सोय आहे. पुढच्या श्रावणात शिडी धरायला तरुण हात हवे आहेत. ज्यांच्या घरी अशी माडी आहे आणि वर नवे काही अंथरायचा विचार चालू आहे, त्यांनी तर जरूर यावे. ठोकल्यावर लाकूड कसे बोलते ते प्रत्यक्ष ऐकायला मिळेल. नावे कार्यवाहांकडे द्यावीत.